कुणीतरीची खुर्ची

बाईंच्या हातात बाराही महिने छत्री असायची. बहरीनमध्ये! जिथे आभाळात ढग दिसला तर लोक बायकापोरांना गच्चीवर बोलावून दाखवायचे, तिथे. काळी, लाकडी मुठीची, वेंगुर्ल्याच्या बाजारातली छत्री. ती पावसासाठी नव्हतीच, माणसं दाखवायला होती. वर्गात छत्रीचं टोक ज्याच्याकडे वळेल त्याचं काम. एकदा खरोखरच पाऊस झाला. मनामाचे रस्ते तुंबले, आणि बाई छत्री काखेत घट्ट धरून, डोक्यावर पदर ओढून चिंब भिजत निघालेल्या मला दिसल्या.

"बाई, छत्री उघडा की!" मी ओरडलो.

"भिजेल ना रे ती!" बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

सत्तरचं दशक संपता संपता मी मनामातल्या एका आरोग्यशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. हा शब्द कराडजवळच्या आमच्या गावात माझ्या आईला इतका आवडला, की तिने 'डॉक्टरच्या वरची पोस्ट' असा त्याचा अर्थ गावभर सांगून टाकला. प्रत्यक्षात माझ्या ताब्यात रबराचा एक पुतळा होता. कमरेपासून वर माणूस, खाली काही नाही. मुलांनी त्याच्या तोंडात फुंकर मारून श्वास द्यायला शिकायचं आणि मी नंतर त्याचं तोंड पुसायचं, अशी ती डॉक्टरच्या वरची पोस्ट.

बाई तिथे नर्सिंग शिकवायच्या. शिवाय आठवड्यातून एक तास त्यांनी भांडून मिळवलेला होता. त्या तासाला नर्सिंगची, एक्स-रेची, लॅबोरेटरीची मुलं एकत्र बसायची आणि वेळापत्रकात त्याचं नाव होतं 'लीडरशिप'. माझी नेमणूक या तासासाठीच होती. तास आहे तर मी आहे, मी आहे तर व्हिसा आहे, आणि व्हिसा आहे तर आज ना उद्या बायकोला इकडे आणता येईल, अशी माझी साखळी होती. बायको तेव्हा कराडला माझ्या आईजवळ होती. त्या दोघींपैकी जास्त घाई कुणाला होती ते मी सांगत नाही.

माझ्या कल्पनेत लीडरशिप म्हणजे हार, टोपी आणि माइक. पहिल्याच तासाला मी आगाऊपणाने बाईंना म्हणालोसुद्धा, "म्हणजे आपण इथे पुढारी तयार करणार!"

बाईंनी मला स्ट्रेचरवर आडवं केलं. चार मुलांना उचलायला लावलं. "आता सांग, पेशंटला कसा नेतात? डोकं पुढे का पाय पुढे?"

"पाय पुढे."

"आणि हुकूम कोण देतो?"

मी छताकडे बघत राहिलो. आडवा माणूस एरवीही फार हुशार दिसत नाही.

"डोक्याकडचा. म्हणजे सगळ्यात पाठी असतो तो. कारण पेशंटचा चेहरा त्यालाच दिसतो. तुमच्या घाटावर पुढारी पुढे चालत असेल, माझ्याकडे तो पाठी चालतो." मग इंग्रजीत हेच मुलांना सांगून त्यांनी छत्रीचं टोक स्ट्रेचरच्या पुढच्या बाजूला धरलेल्या खलीलकडे वळवलं. खलील एक्स-रेचा. उंच, देखणा, आवाज असा की मशिदीला भोंगा लागू नये. कुठलंही काम निघालं की आपोआप पुढे व्हायचा. बाईंनी त्याला महिनाभर पायाकडची बाजू दिली. बिचारा महिनाभर उलट वळून वळून बघायचा, आपल्या पाठीमागे कोण हुकूम देतंय म्हणून.

पाठीमागे बरेचदा अमीना असायची. मुहर्रकच्या बाजूची, अरादची मुलगी. शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचीही तिला भीड वाटायची. हिच्यात बाईंना काय दिसलं ते मला कळत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "ती बघते. बाकीचे आपण कसे दिसतो ते बघतात."

आता पुतळ्याची गोष्ट. ऑगस्टमध्ये बाहेरच्या एका दवाखान्यात प्रात्यक्षिक झालं आणि येताना मी पुतळा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. दुपारभर तो तिथेच राहिला. ऑगस्टमधली बहरीनची बंद गाडी म्हणजे काय हे ज्याने तिचं स्टिअरिंग धरलंय त्यालाच माहीत. दुसऱ्या दिवशी पुतळा काढला तेव्हा त्याचं नाक गालावर सरकलेलं होतं आणि एक डोळा कपाळाकडे निघालेला. तोंड उघडंच होतं, पण आता ते 'हे काय केलंस?' असं म्हणतंय असं वाटत होतं.

बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "ह्याला गाडीत कोणी ठेवला?"

मी म्हणालो, "कुणीतरी ठेवला असेल, बाई."

बाई संतापल्या की त्यांची पुस्तकी मराठी सुटायची आणि थेट मालवणी वर यायची. "कुणीतरी? कुणीतरी म्हणजे कोण रे मेल्या? खंय रवता तो? माका दाखव!"

"तसं नव्हे, म्हणजे कुणीतरी..."

"कापूस संपलो, कुणीतरी नेलो! चावी हरवली, कुणीतरी घेतली! पंखो चालूच रवलो, कुणीतरी इसारलो! अरे, तुझो तो कुणीतरी एकदा माझ्या समोर हाड, त्याचा काय ता बघतंय!"

मुलांना मालवणी कळण्याचं कारण नव्हतं. पण एक शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकला होता. खलीलने हात वर केला. "सिस्टर, हे मिस्टर कुणीतारी कोण? सगळ्या गोष्टी तेच करतात, पण ते कधी दिसत नाहीत."

बाई थांबल्या. चेहऱ्यावरचा राग असा उतरला, जशी भरतीची लाट मागे जाते. "मिस्टर कुणीतारी," त्या शांत इंग्रजीत म्हणाल्या, "हे आपल्या शाळेतले सगळ्यात जुने कर्मचारी. प्रत्येक हॉस्पिटलात असतात. पेशंट मरतो तेव्हा बहुतेक वेळा ड्यूटीवर तेच असतात."

मग बाईंनी एक रिकामी खुर्ची ओढून दाराजवळ ठेवली. "आजपासून ही त्यांची. जो कोणी म्हणेल 'समबडी ट्रॉली आणा', 'समबडी डॉक्टरला बोलवा', त्याने या खुर्चीकडे बघून म्हणायचं. आणि ट्रॉली येते का ते बघत बसायचं."

मुलांनी त्या खुर्चीच्या पाठीवर सुबक अक्षरात 'मि. कुणीतारी' अशी चिठ्ठी चिकटवली. ऑफिसात नवा आलेला एक मंगळूरी क्लार्क मला हळूच म्हणाला, "ये जापानी साब जहाज मरम्मतवाले ड्रायडॉक के हैं क्या?" मी म्हणालो, "हां, बहुत बिझी रहते हैं."

आणि पुतळा निकामी झाल्यामुळे पेशंट कुणी व्हायचं? छत्रीचं टोक माझ्या छातीवर टेकलं. डॉक्टरच्या वरून मी थेट पेशंट झालो. त्यातही नापास होण्याच्या बेताला होतो, कारण मला गुदगुल्या होतात. नाडी बघायला कुणी मनगट धरलं की बेशुद्ध पेशंट खिदळायला लागायचा. मुलं ओरडायची, "उस्ताद, तुम्ही मेलेले आहात!"

'आणा'चा शोधही माझ्याच नावावर आहे. शोध म्हणजे अपघात. एकदा वर्गात टिंचर आयोडीनची बाटली मी माझ्याच पांढऱ्या पँटवर ओतली. अशा वेळी माणसाचं इंग्रजी आधी जातं, मग हिंदी. मी ओरडलो, "कापूस आणा! आणा, आणा!"

शेवटच्या बाकावर अमीना दचकून उभी राहिली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "अना?"

अरबीत 'अना' म्हणजे 'मी'. मला ते माहीत होतं, पण पँटपुढे कसलं व्याकरण! मी म्हणालो, "हो हो, आणा!"

तिने कपाट उघडलं, कापूस आणला आणि माझ्यासमोर धरला. दोघंही आपापल्या भाषेत बरोबर होतो.

बाई टेबलावर बसून हे बघत होत्या. त्यांनी छत्री दोनदा जमिनीवर आपटली. "आज पहिल्यांदा तुझ्या तोंडून शहाणपणाचा शब्द निघाला, तोही चुकून!" झालं, नियम ठरला. हुकूम देणाऱ्याने आधी नाव घ्यायचं, मग 'आणा'. ज्याचं नाव घेतलं त्याने छातीवर हात ठेवून 'अना' म्हणायचं, मगच हलायचं. "खलील, ऑक्सिजन आणा." "अना!" "अमीना, ब्लँकेट आणा." "अना!" 'अना' आलं नाही तर हुकूम पोचलाच नाही असं समजायचं. काही दिवसांतच हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये केरळी नर्सांपासून बहरीनी वॉर्डबॉयपर्यंत सगळे 'आणा' म्हणायला लागले. मराठीचा एवढा प्रसार पुढे माझ्या हातून कधी झाला नाही.

'इंशाल्ला' हा शब्द बाईंना मान्य होता, पण अर्धाच. कुणी म्हणालं, "ट्रॉली येईल, इंशाल्ला," की बाई हसून म्हणायच्या, "देवाचं काम देवाकडे. ट्रॉलीचं तुझ्याकडे." मुलंही हसायची. मग माझ्याकडे वळून मराठीत, "आमच्या कोकणात ह्यालाच 'बघूया' म्हणतात. फक्त आम्ही त्यात देवालाही घेत नाही."

आणि मग नवे मुदीर आले. मुदीर म्हणजे शाळेचे प्रमुख. बहरीनी डॉक्टर, इंग्लंडात शिकलेले, पांढऱ्या थोबची, म्हणजे त्या पायघोळ अरबी झग्याची, इस्त्री अशी की बसताना आवाज यावा. माणूस सज्जन, पण वेळापत्रकावर बोट फिरवता फिरवता ते बाईंच्या तासावर थांबलं. "सिस्टर, नेतृत्व ही शिकवण्याची गोष्ट आहे का? ते ज्याच्यात असतं त्याच्यात असतं. त्यापेक्षा हा तास अॅनाटॉमीला देऊ."

बाई म्हणाल्या, "आधी एकदा बघा."

"ठीक. बघतो. मग ठरवू."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, तास गेला तर?"

"तर मी वेंगुर्ल्याक जातंय, बांगडे सुकवूक," त्या म्हणाल्या. पण छत्रीची मूठ त्या अंगठ्याने घासत होत्या. "मला नर्सिंगला ठेवतील रे. पण ती पोरगी पुन्हा शेवटच्या बाकावर जाईल."

मी मात्र माझ्या साखळीचा विचार करत होतो. तास गेला, मी गेलो, व्हिसा गेला, बायको कराडलाच. आणि नेमकी प्रात्यक्षिकाच्या दिवशी संकष्टी आली. आमच्याकडे संकष्टीला खिचडी चालते, वरीचे तांदूळ चालतात, दाण्याची आमटी तर इतकी चालते की उपासाला वजन वाढतं. पण काम मोठं होतं. म्हटलं, गणपतीला दिसू दे आपण किती गंभीर आहोत. पाण्याचा थेंबही न घेण्याचा कडक उपास धरला. जूनमध्ये. बहरीनच्या जूनमध्ये, जिथे हवाच इतकी ओली असते की गणपतीने ती तांत्रिकदृष्ट्या पाणी धरली असती.

प्रसंग ठरला होता तो असा. शाळेच्या अंगणात मोटार अपघात झालाय, पेशंट बेशुद्ध आहे, मुलांनी त्याला सांभाळून आत न्यायचं. अपघात म्हणून माझी गाडी, पेशंट म्हणून मी. सावली होती ती एका पत्र्याखाली, आणि सावलीत एकच खुर्ची होती. मुदीर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्या खुर्चीवर बसले. पाठीवर चिठ्ठी होती, 'मि. कुणीतारी'. ती त्यांनी वाचली होती म्हणे, पण जपानी पाहुणे आलेले दिसत नाहीत असं त्यांना वाटलं. त्यांना उठवायचं कुणी? मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी आभाळाकडे पाहिलं. मी उन्हात आडवा झालो.

यापुढचा, म्हणजे या हकिकतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग मी पाहिलेला नाही. कारण त्यात मी होतो.

मला एवढं आठवतं की पत्र्याची कड वाकडी व्हायला लागली, मग आभाळ पिवळं झालं, आणि मग आईने हाक मारल्यासारखं वाटलं. पुढचं मला खलीलने सांगितलं, बाईंनी सांगितलं, आणि त्या मंगळूरी क्लार्कने तर आजवर अनेकदा सांगितलंय.

खलील जोरात सुरू झाला होता. आवाज छान, हातवारे छान. मुदीर मान डोलवत होते. अमीनाने माझं मनगट धरलं आणि ती थांबली. तिने पुन्हा धरलं. मग तिने माझ्या तळव्यावर बोट फिरवलं. एरवी एवढ्यावर मी उठून बसलो असतो. तिने माझ्या कपाळाला हात लावला, ते गार आणि ओलं.

"थांबा," ती म्हणाली. कुणी थांबलं नाही. खलील नाटकातच होता.

"थांबा!" असा आवाज तिच्यात आहे हे तिलाही माहीत नसावं. "हे हसत नाहीयेत. हे खरं आहे."

आणि मग जे सगळीकडे होतं तेच झालं. एवढं शिकलेला खलील घाबरला आणि ओरडला, "समबडी! स्ट्रेचर! समबडी!"

सवयीने सगळ्या वर्गाने एकदम कुणीतरीच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत मुदीर होते.

अमीना माझ्या डोक्याकडे गुडघ्यावर बसली होती. "खलील, यांचे पाय वर धरा." खलीलच्या तोंडून आपोआप "अना!" निघालं. "मरियम, ओला टॉवेल आणा." "अना!" स्ट्रेचर पत्र्याखाली भिंतीला टेकवलेलं होतं, आणि त्याच्याजवळ एकच माणूस होता. अमीनाने त्या माणसाकडे सरळ बोट केलं.

"डॉक्टर, स्ट्रेचर आणा!"

मुदीर चकित झाले. छातीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "अना?"

आणि अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला, "आणा!"

मंगळूरी क्लार्क सांगतो, मुदीरांनी थोब गुडघ्यापर्यंत वर धरला आणि असे धावले की त्याने त्यानंतर कधी कुणा साहेबाला धावताना पाहिलं नाही.

मला जाग आली ती हलत्या स्ट्रेचरवर. समोर, माझ्या पायांकडे, घामाने भिजलेली एक पाठ. पांढरा थोब. मुदीर स्ट्रेचरची पुढची बाजू धरून चालत होते. डोक्याकडून, पाठीमागून, बारीकसा पण अगदी स्वच्छ आवाज येत होता, "सावकाश, डॉक्टर. पायरी आहे. आता डावीकडे." आणि पुढून मुदीर नम्रपणे म्हणत होते, "अना. अना."

आत नेऊन मला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. बाई शेवटी आल्या. पहिला प्रश्न, "तुका उपास करूक कोणी सांगलेलो?"

मी तोंड उघडलं. ओठांवर तो जुना शब्द आलाच होता. बाईंनी छत्री उचलली.

"मीच, बाई," मी म्हणालो.

मग खलीलने सांगितलं, सगळा वेळ बाई जागच्या हलल्या नव्हत्या, छत्री दोन्ही हातांत गच्च धरून उभ्या होत्या. मला जरा रागच आला. "बाई, मी मरत होतो आणि तुम्ही उभ्या?"

"माका धावूचा होता रे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण मी धावले असते तर ती थांबली असती. तुझी नाडी तिच्या हातात होती, आणि ती माझ्या नजरेत होती. तिचा हात चुकला असता तर तुला उचलून मीच पळाले असते." मग म्हणाल्या, "हे शिकवायला सगळ्यात कठीण. आपले पाय बांधून ठेवायला."

मुदीर दारात उभे होते. थोब पार चुरगळलेला. त्यांनी बाईंना एवढंच सांगितलं, "तास राहील. डॉक्टरकीच्या मुलांनाही पाठवतो. फक्त पेशंटला जेवायला घाला." मग जाता जाता वळून अमीनाला अरबीत काहीतरी म्हणाले. ती लाल झाली. काय म्हणाले ते विचारलं तर सांगेना. पुढे खलीलनेच सांगितलं, ते म्हणाले होते, "पुढच्या वेळी मला नावाने हाक मार."

बायको आली. मनामाच्या अदलिया भागात आम्ही दोन खोल्या घेतल्या. घरात मी "कुणीतरी दार उघडा" म्हणालो की ती म्हणायची, "खुर्ची आणू का?" बाईंनी तिलाही फितवलं होतं.

बाई परत गेल्या त्या ऐंशीच्या दशकाच्या मध्याला. विमान दुपारचं होतं. विमानतळावर ही गर्दी! जुनी मुलं, नवी मुलं, डॉक्टरकीची मुलं, आता वॉर्ड सांभाळणारी अमीना, खलील, मुदीर स्वतः. पांढऱ्या साडीतल्या, कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाई सगळ्यांच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी एकेकाच्या हाताकडे पाहिलं. सगळ्यांचे हात रिकामे.

"हार खंय?" बाईंनी विचारलं.

निरोपाला हार आणायचं ठरलं होतं. सगळ्यांचं ठरलं होतं. नर्सिंगवाल्यांना वाटलं एक्स-रेवाले आणतील, एक्स-रेवाल्यांना वाटलं डॉक्टर आणतील, आणि सगळ्यांनाच वाटलं मी आणीन, कारण हार हा आमचा प्रकार. बाईंनी इतकी वर्षं शिकवलं, आणि त्यांच्या निरोपाला हार आणायचं काम मिस्टर कुणीतारींकडे होतं.

बाईंचा चेहरा पडला. अगदी थोडा वेळ, पण पडला.

तेवढ्यात अमीना पुढे झाली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "अना, सिस्टर." म्हणजे मी. मी विसरले.

"नाही, अना," खलील म्हणाला.

"अना," मागून कुणी डॉक्टर. "अना." "अना." नवी मुलं, ज्यांना हाराचा पत्ताही नव्हता, तीही म्हणायला लागली. मुदीरांनी छातीवर हात ठेवला आणि त्या दिवसासारखंच नम्रपणे म्हणाले, "अना."

बाईंनी छत्रीचं टोक सगळ्यांवरून हळूहळू फिरवलं, जणू मोजत होत्या. डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मेल्यांनो, हार आणलो असतात तर एकच गळ्यात पडलो असतो."

विमानाची घोषणा झाली. बाई दोन पावलं चालल्या आणि थबकल्या.

"अरे, माझी पिशवी खंय? हलव्याची?"

बहरीनचा हलवा. वेंगुर्ल्याच्या सगळ्या नातलगांसाठी घेतलेला. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर. दुपारच्या उन्हात. काचा बंद.

"बाई, ती कुणीतरी..." मी सुरुवात केली.

सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी छत्री उचलली.

"अना!" मी म्हणालो, आणि धावत सुटलो.